चर्च आणि मनाचे आरोग्य

आदिलाबादचा सिरो-मलबार कॅथलिक धर्मप्रांत १९९९ मध्ये चांदा म्हणजे चंद्रपूरच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला. तेव्हा इथल्या चर्चचेही नाते पैनगंगेपलीकडचेच.

आपला जिल्हा कापसाचा. पीक बुडाले, कर्ज थकले की माणूस आधी चारचौघांत येणे सोडतो. बँकेच्या नोकरीत आम्ही हे पुष्कळ पाहिले. थकबाकीदार रस्ता बदलून जातो. रविवारी कोण आले नाही, हे फादरना किंवा पाळकांना लगेच कळते. त्यांनी घरी जावे, आधी ऐकून घ्यावे, उपदेश मागाहून. कर्जाचे कागद समजावून द्यायला आमच्यासारखे निवृत्त लोक बरोबर गेले तर आणखी बरे.

प्रार्थनेने धीर येतो. पण चालू औषध बंद करायला कोणी सांगू नये. तमिळनाडूत एर्वाडीच्या दर्ग्यालगत २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा जीव गेला. २०१७ च्या कायद्याने असे बांधणे आता मना आहे.

इलाजासाठी आदिलाबादला रिम्स रुग्णालय आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आणि रात्रंदिवस चालतो. चर्चच्या फलकावर तो तेलुगू-मराठीत लिहावा, आपल्या भजनी मंडळांच्या फलकावरही.