सोलापूरचा किल्ला आणि ‘जर-तर’चा डाव

सोलापुरांत सिद्धेश्वराच्या तळ्याकाठीं जो भुईकोट किल्ला उभा आहे, त्याच्या चरित्रांत एक विलक्षण योग आहे. सुमारें चाळीस वर्षांच्या अंतरानें हा किल्ला दोन वेळां हुंड्याच्या बोलीवर चढला. सन १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा विवाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशीं झाला. वधूबरोबर सोलापूर द्यावयाचें ठरलें होतें, असें निजामशाही म्हणे. विजापूरकर तें नाकारीत. किल्ला मिळाला नाहीं आणि लग्नानें जोडलेलीं दोन घराणीं लढाईनें तुटलीं. पुढें पारडें फिरलें. हुसेन निजामशहानें आपली कन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली, तेव्हां सोलापूर हुंड्यांत खरोखरीच गेलें. जुनें वैर मिटलें, सुलतानांची एकजूट झाली आणि जानेवारी १५६५ मध्यें कृष्णाकांठच्या रणांत विजयनगरचा रामराय मारला गेला.

आतां सहजच प्रश्न उठतो : हें दुसरें लग्न जुळलेंच नसतें तर? इतिहासकार अशा प्रश्नाला दारांत उभें करीत नाहींत. घडलें तें सांगावें, न घडलेल्याचा हिशेब ठेवूं नये, असा त्यांचा दंडक आहे. परंतु ज्या ‘जर-तर’ला पंडितांनीं हांकलून दिलें, त्याला एका खेळानें पाट मांडून बसविलें आहे.

त्या खेळास ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकविण्यासाठीं नकाशावर फांसे टाकून लुटुपुटूची लढाई खेळत. त्याच कुळांतून १९७४ मध्यें अमेरिकेंत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. यांत चार-सहा मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होतो व प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन आपण काय करणार तें बोलतात. यश-अपयश बऱ्याच वेळां फांशावर ठरतें. ह्या खेळाच्या कित्येक प्रकारांत खऱ्या इतिहासाची एकच खुंटी उपटून तेथून नवें जग रचतात आणि त्यांत अद्भुताचा रंग भरतात.

‘डेडलँड्स’ हा १९९६ चा खेळ घ्या. त्यांत १८६३ च्या जुलैंत गेटिसबर्गच्या रणांगणावर पडलेले शिपाई पुन्हां उठतात आणि अमेरिकेची यादवी लांबत जाते. दक्षिणेकडील बंडखोर राज्य, जें वस्तुतः १८६५ मध्यें बुडालें, तें या खेळांत जिवंत राहिलें. परंतु गुलामगिरी राखण्यासाठीं उभें राहिलेलें राज्य करमणुकीपुरतें कां होईना टिकवून ठेवावें काय, हा प्रश्न कर्त्यांना सुटला नाहीं. पुढील आवृत्तींत त्यांनीं तें बुडविलें. भुतें खपलीं, पण अन्याय खपला नाहीं.

हाच डाव सोलापुरावर मांडून पाहावा. एक गडी विजापूरचा वकील, दुसरा निजामशाही किल्लेदार, तिसरा रामरायाचा दूत, चौथी चांदबिबीची दासी. खुंटी एकच उपटावयाची : लग्न मोडलें. मग किल्ल्यासाठीं हपापलेला अली आदिलशहा काय करील? उत्तर इतिहासांतच आहे. सोलापूर व कल्याणी परत मिळावीं म्हणून त्यानें कांहीं वर्षें आधीं विजयनगरचेंच साह्य घेऊन अहमदनगरवर स्वारी केली होती. तो पुन्हां रामरायाकडेच वळला असता, असें म्हणण्यास जागा आहे. आज ज्या लढाईकडे दोन धर्मांची झुंज म्हणून पाहण्याचा मोह होतो, तिच्या मुळाशीं किल्ले, सोयरिकी आणि मानापमान किती होते, हें किल्लेदाराच्या जागीं बसलेल्या गड्यास चटकन उमगतें. पुस्तक वाचतांना मनुष्य आपल्याच बाजूस बसून राहतो. खेळांत त्याला समोरच्या पाटावर बसावें लागतें.

अद्भुत तर बाहेरून आणावयास नकोच. सन १५९५-९६ मध्यें मोगलांनीं अहमदनगरला वेढा दिला, तेव्हां गोळे संपल्यावर चांदबिबीनें तांब्याचे, मग चांदीचे, मग सोन्याचे गोळे तोफांतून डागले, अशी आख्यायिका लोकांनीं जपली आहे. मात्र अद्भुतालाही मोल पडतें. सोनें डागणाऱ्या त्या राणीस वऱ्हाड देऊन तह करावा लागला आणि १६०० मध्यें तिच्याच माणसांनीं तिचा घात केला.

मराठीस हा विचार नवा नाहीं. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेंत विश्वासरावांना लागलेली गोळी चुकते आणि हिंदुस्थानचा इतिहास निराळ्या वाटेनें जातो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगांत कांहीं काळ वावरून परत येतात. परत येणें, हेंच येथें महत्त्वाचें आहे.

कारण परत न येणाऱ्यांची गोष्टही पानिपतापाशींच आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ रणांत दिसेनासे झाले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनीं वैधव्य कधीं पत्करलें नाहीं. १७८३ मध्यें त्या निवर्तल्या त्या सौभाग्यलेणीं अंगावर ठेवूनच. त्या आशेवर एक तोतया उभा राहिला. भाऊ जगले असते तर, हें लोकांना इतकें हवेंसें होतें कीं, कोकणांत माणसें व किल्ले त्याला मिळत गेले. १७७६ मध्यें त्याला पकडून पुण्यास देहान्त शासन झालें. त्याच्या बाजूनें आणि त्याच्याविरुद्ध लढतांना जीं माणसें पडलीं, त्यांच्यासाठीं दुसरा डाव नव्हता.

पार्वतीबाईंच्या कुंकवाला कोणी हंसूं नये. पण त्या कुंकवावर राज्य मागणाऱ्यास ओळखावें. मेजावरच्या खेळांत रात्र संपली कीं, नकाशा गुंडाळतात व फांसे डबींत जातात. सकाळीं किल्ला जेथल्या तेथें असतो, आणि त्याच्या भिंतीशीं उभा राहिलेला गडी कालच्यापेक्षां थोडें अधिक जाणतो.