दहिसरचे आरोग्य आणि आपले ऋण

कोणत्याही वस्तीचा इतिहास तिच्या देवळांइतकाच तिच्या गटारांतही वाचावयास मिळतो. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला, तेव्हा दहिसर हे ठाणे जिल्ह्यातील खेडे होते. मुंबई महानगरपालिकेची हद्द 1950 साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत वाढली. दहिसर तिच्यात आले ते 1957 साली. त्यासरशी 1888 च्या कायद्याच्या 61 व्या कलमातील केरकचरा, गटारे, रोगप्रतिबंध इत्यादी कर्तव्ये येथेही पालिकेवर बंधनकारक झाली.

परंतु कर्तव्ये कायदा सांगतो. मैला उचलतात माणसे. टोपलीच्या संडासांची सफाई ज्यांच्या माथी आली, त्यांना ते काम जन्माने चिकटविले होते. ही प्रथा कायद्याने निषिद्ध ठरावयास 1993 साल उजाडावे लागले, आणि 2013 साली अधिक कडक कायदा करावा लागला. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, तरी लिहिणे प्राप्त आहे. एका ज्ञातीची स्वच्छता दुसरीच्या अपमानावर उभी असेल, तर तीस सोवळे म्हणता येत नाही.

दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात निर्मळ उगम पावते आणि वस्तीत शिरताच शेण व सांडपाणी घेऊन खाडीकडे जाते. 26 जुलै 2005 रोजी तिचा पूर काठावरच्या घरांत शिरला, तेव्हा ती घाण कोणाची, हे आपण सर्वांनी पाहिले.

पालिकेकडे बोट दाखविणे सोपे आहे. आपल्या घरचा ओला-सुका कचरा वेगळा निघेल आणि सफाई कामगारास घरच्याच पेल्यातून पाणी दिले जाईल, तेव्हाच हे ऋण काही अंशी फिटेल.