ब्राह्मीचे एकवीस दिवस

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील 28वा अध्याय मेधा आणि आयुष्य इच्छिणाऱ्यांसाठी आहे. त्यात ब्राह्मीच्या अंगरसाचा एक प्रयोग सांगितला आहे. रस पचल्यावर दुपारनंतर बिनमिठाची पेज घ्यायची. पहिल्या 7 दिवसांत माणूस मेधावी होतो. दुसऱ्या 7 दिवसांत तो हवा तो ग्रंथ रचतो आणि विसरलेले त्याला पुन्हा आठवते. तिसऱ्या 7 दिवसांत दोनदा उच्चारलेली शंभर वचनेही त्याच्या ध्यानात राहतात. 21 दिवस पूर्ण झाले की साक्षात वाग्देवी त्याच्यात प्रवेश करते.

या फलश्रुतीत अतिशयोक्ती आहे, पण त्या काळाची गरजही दिसते. जिथे विद्या मुखोद्गत करून जपली जाई, तिथे विसरणे म्हणजे ग्रंथ गमावणेच होते.

मात्र ही ब्राह्मी कोणती? सुश्रुत त्याच अध्यायात मंडूकपर्णीचा प्रयोग वेगळा देतो. म्हणजे त्याच्या लेखी या दोन वनस्पती होत्या. सोळाव्या शतकात भावमिश्राने भावप्रकाशात दोघींना शेजारी बसवून सारखेच गुण सांगितले. पुढे नावांची सरमिसळ झाली. बंगालीत ब्राह्मी शाक म्हणजे पाणथळ जागी वाढणारी, बारीक मांसल पानांची बाकोपा; गोल पानांची सेंटेला ती थानकुनी. तमिळमध्ये पहिली नीरब्रह्मी, दुसरी वल्लारै. महाराष्ट्रात आणि उत्तरेत मात्र ब्राह्मी म्हणून अनेकदा गोल पानांची वेलच हाती येते. स्मृतीसाठी घ्यायच्या औषधाची ओळखच अशी अर्धी विसरली गेली.

विसाव्या शतकात शोधाची जागा प्रयोगशाळेने घेतली. लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थानात 1960च्या दशकात बाकोपातून बॅकोसाइड ही द्रव्ये वेगळी करण्यात आली. त्याच दशकात, 1964 साली, बेल्जियममधील यूसीबी कंपनीत पिरासिटाम तयार झाले. तिथले रुमानियन शास्त्रज्ञ कॉर्नेलियू जुर्जा यांनी 1972 साली अशा औषधांना ‘नूट्रोपिक’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील मन आणि वळण यांसाठीच्या शब्दांपासून ते घडवले होते. आज ब्राह्मीचा अर्कही याच नावाखाली जगभर विकला जातो.

2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत 40 ते 65 वयाचे 76 जण होते. काहींना तीन महिने बाकोपाचा अर्क दिला, इतरांना औषधविरहित गोळी. अर्क घेणाऱ्यांचा नवे शिकण्याचा वेग वाढला नाही; शिकलेले विसरण्याचे प्रमाण मात्र कमी झाले. एका लहान चाचणीवरून फार काही ठरत नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: टिकवायचे ते आधी शिकलेले असावे लागते.

सुश्रुताला हे ठाऊक असावे. त्याच अध्यायाच्या अखेरीस तो आणखी एक यादी देतो: सतत अध्ययन, वाद, इतर शास्त्रांचे अवलोकन आणि त्या विद्येच्या आचार्यांची सेवा. या चौघांना तो बुद्धी आणि मेधा वाढवणारा ‘गण’ म्हणतो. आयुर्वेदात हा शब्द औषधी वनस्पतींच्या समूहासाठी वापरतात. म्हणजे अभ्यास, मतभेद आणि दुसऱ्यांचे ग्रंथ यांना त्याने औषधांच्याच पंक्तीत बसवले. परीक्षेच्या दिवसांत खपणाऱ्या बाटल्यांवर ब्राह्मीचे चित्र असते. या दुसऱ्या गणाची बाटली भरता येत नाही; तो ज्याचा त्यानेच मिळवायचा असतो.