तारेविना दिवा : माझं शेड आणि बिलगावची वीज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. घरापासून साठ-सत्तर पावलांवर, वहिवाटीच्या रस्त्यापलीकडे माझं पत्र्याचं शेड आहे. त्यात मोटारसायकल, सासऱ्यांची जुनी जीप आणि वीस वर्षांच्या पेपरांचे गठ्ठे. तिथे लाईट नाही. रात्री बातमी करून आलो की मोबाईलचा टॉर्च दातात धरायचा आणि कुलूप शोधायचं. एका रात्री कुलपाऐवजी हात जवळजवळ विंचवावर पडला. त्या दिवशी ठरवलं, आता दिवा लावायचाच.

घरातून वायर न्यायची तर रस्ता ओलांडून, शेजारच्याच्या प्लॉटवरून न्यावी लागते. शेजारी चांगला आहे, पण वायर म्हटलं की कोण चांगला राहतो? वेगळं मीटर घ्यायचं तर एका दिव्यासाठी दर महिन्याला स्थिर आकार भरा. एक मित्र म्हणाला, "आकडा टाक ना भाऊ, कोण बघतंय?" मी म्हटलं, वीजचोरीच्या बातम्या मीच छापतो, माझी कोण छापणार?

शेवटी सोलरचं काम करणारा एक पोरगा बोलावला. धडगावकडचा, डोंगरातला. त्याने आधी मला हिशोब शिकवला. तोच तुम्हालाही सांगतो, कुणाच्या गोठ्याला, खळ्याला, गाडीच्या शेडला कामी येईल.

दिवा १० वॅटचा एलईडी. रोज ५ तास जळणार. म्हणजे रोजचा खर्च ५० वॉट-तास. १२ व्होल्टची, १२ अँपिअर-तासाची बॅटरी साधारण १४४ वॉट-तास साठवते, पण शिशाची बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे हातात ७२. एक रात्र आरामात निघते, आभाळ भरलं तर दुसऱ्या रात्री अंधार. म्हणून दुप्पट बॅटरी किंवा वापर कमी. पॅनल ४० वॅटचं, तोंड दक्षिणेला, तिरपं साधारण २१ अंश, कारण आपला जिल्हा त्याच अक्षांशाच्या आसपास आहे. मध्ये चार्ज कंट्रोलर, बॅटरीजवळ फ्यूज. १२ व्होल्टला वायर जाड घ्यायची, नाहीतर लांब अंतरात दिवा मंदावतो. आणि बॅटरी तापलेल्या पत्र्याखाली ठेवायची नाही. उष्णतेने तिचं आयुष्य घटतं.

सगळं लावून झालं. बटण दाबलं, उजेड पडला. मी म्हटलं, "सोपं आहे रे हे."

तो म्हणाला, "दिवा लावणं सोपं आहे भाऊ, टिकवणं अवघड. आमच्याकडे तर नदीवरची लाईट होती. बिलगावला."

बिलगावचं नाव ऐकलं आणि मी थांबलो. आपल्याच जिल्ह्याची ही गोष्ट आपणच विसरलोय. म्हणून ही पोस्ट.

आधी थोडं मागे जाऊ. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, धुळ्यातून वेगळा होऊन. त्याआधीही आणि नंतरही बरीच वर्षं, अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर उजेड म्हणजे चुलीचा जाळ आणि रॉकेलची चिमणी. लग्नाला भाड्याची गॅसबत्ती. चिमणीचा उजेड किती? साध्या वातीच्या दिव्याचा जेमतेम १० ल्यूमेनच्या आसपास. तुमच्या घरातला ९ वॅटचा एलईडी त्याच्या ऐंशी-नव्वद पट उजेड देतो. त्या चिमणीत पोरं शिकली, बाळंतपणं झाली. धूर डोळ्यात आणि छातीत गेला तो वेगळाच. रेशनचं निळं रॉकेल आणायला डोंगर उतरायचा, आणि दुकानात "संपलं" ऐकून परत चढायचा.

सरकारी कागदावर मात्र गावं "विद्युतीकृत" होत होती. हे कसं, ते समजून घ्या. २००४ पासूनच्या व्याख्येप्रमाणे गावातल्या शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी आणि किमान १० टक्के घरांत वीज असली की गाव विद्युतीकृत. म्हणजे शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी गाव उजेडात! आणि आपल्या सातपुड्यात एक गाव म्हणजे लांब लांब विखुरलेले अनेक पाडे. तार मोठ्या पाड्यावर आली की कागदावर सगळ्या गावाला उजेड.

अशा काळात नर्मदा खोऱ्यातल्या लोकांनी वेगळा विचार केला. तार येत नाही ना, मग पाणी तर आहे. आधी डोमखेडीत छोटासा प्रयोग झाला. मग बिलगाव. धडगाव तालुक्यातलं हे गाव उदई नदीवर आहे आणि तिथे नैसर्गिक धबधबा आहे. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या तरुण अभियंत्यांनी आराखडा केला, नर्मदा बचाव आंदोलन सोबत होतं, असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट या संस्थेने मदत केली. आणि गावाने श्रमदान केलं. दगड, वाळू, सिमेंट माणसांनी वाहिलं. बाया-बापड्यांनी बांध घातला. जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॉटचा प्रकल्प सुरू झाला.

याचं तंत्र अगदी साधं. सेकंदाला १०० लिटर पाणी १० मीटर खाली पडलं तर त्यात साधारण १० किलोवॉटची ताकद असते. घर्षण, यंत्र, जनित्र यांची तूट वजा करता निम्म्याहून थोडी जास्त वीज हातात येते. पाणी अडवून मोठं तळं करायचं नाही. वाहतं पाणी वळवायचं, पाईपातून खाली सोडायचं, चाक फिरवायचं आणि तेच पाणी पुन्हा नदीला द्यायचं. कुणाचं शेत बुडत नाही, कुणाला घर सोडावं लागत नाही.

डिसेंबर २००४ मध्ये आशुतोष गोवारीकरांचा "स्वदेस" आला. त्यात शाहरुख खान गावकऱ्यांना घेऊन पाण्यावर वीज तयार करतो. म्हातारीच्या चेहऱ्यावर बल्बचा उजेड पडतो तिथे थिएटरात माणसं रडली. त्या प्रसंगामागची प्रेरणा बिलगावची, असं तेव्हापासून लिहिलं गेलंय. चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झालं. देशाने पडद्यावरचं गाव पाहिलं. खरं गाव आपल्या जिल्ह्यात होतं, आणि आपल्यातले किती जण तेव्हा तिथे गेले? मीही नाही गेलो. पत्रकार असून नाही गेलो. हे कबूल करायला हवं.

मग आलं २००६. मार्चमध्ये सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली. त्या पावसाळ्यात नर्मदेला पूर आला, धरणाचं फुगवट्याचं पाणी उदईत मागे चढलं आणि बिलगावचं वीजघर पाण्याखाली गेलं. तीन-साडेतीन वर्षांचा उजेड गेला.

आता आकडे शेजारी ठेवा. त्याच २००६ च्या जूनपर्यंत सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजघराचे २०० मेगावॉटचे सहाही संच सुरू झाले होते. कालव्यावरचे धरून एकूण क्षमता १,४५० मेगावॉट. त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, मध्य प्रदेशचा ५७, गुजरातचा १६. आपल्या जिल्ह्यातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली. बिलगावचे १५ किलोवॉट म्हणजे त्या क्षमतेचा सुमारे ९७ हजारावा भाग. एवढासा दिवा, तोही विजेसाठी बांधलेल्या पाण्यातच बुडाला.

धरण चांगलं की वाईट, हा वाद मला आज करायचा नाही. तो चाळीस वर्षं चाललाय. माझा मुद्दा वेगळा आहे. बिलगावचं यंत्र बिघडल्यामुळे बंद पडलं नाही. ते लोकांनी बांधलं होतं, लोकच चालवत होते. ते बाहेरच्या निर्णयाने गेलं.

त्यानंतर डोंगरात सोलर आलं. आता उलटं पाहा. आज अनेक पाड्यांवर पॅनल बाहेरच्या निर्णयाने येतं आणि आतून बंद पडतं. उद्घाटनाचा फोटो मीही छापलाय. दोन-चार वर्षांनी बॅटरी संपते. नवी आणायला पैसे नाहीत, आणणारा माणूस नाही. खांबावर दिवा असतो, खाली अंधार असतो. २८ एप्रिल २०१८ ला देशातलं शेवटचं गाव विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली, तेव्हा खांब मोजले गेले. जळणारे दिवे कोण मोजणार?

म्हणून ग्रामसभेत, सरपंचांना, अधिकाऱ्यांना, आमदार-खासदारांना तीनच प्रश्न विचारा. एक, बॅटरी बदलायचे पैसे कुठल्या खात्यात ठेवलेत? दोन, पाड्यावरच्या कुठल्या पोरा-पोरीला दुरुस्ती शिकवली? तीन, वर्षभरानंतर रात्री आठ वाजता जाऊन किती दिवे लागतात हे कोण बघणार?

माझ्या शेडमध्ये आता उजेड आहे. त्या पोराने जाताना बजावलं, "भाऊ, महिन्यातून एकदा बॅटरीचं पाणी बघा. डिस्टिल वॉटरच टाका, नळाचं नको." मी भिंतीवर खडूने तारीख लिहून ठेवलीय. एका दिव्याला एवढी काळजी लागते. सातपुड्यातल्या पाड्यांच्या दिव्यांची तारीख कुणाच्या भिंतीवर लिहिलेली आहे, एवढंच मला आता शोधायचंय.

तुमच्या पाड्यावर सोलरचे किती दिवे लागले होते आणि आज किती लागतात, मोजून कळवा. या वेळी मी येतो बघायला. रात्री आठ वाजता.