टरबूज, सुरुंगाची दारू आणि ताकदीचा डबा

नागपुरात पूर्वी आखाड्यात जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत लंगोट आणि भिजवलेले हरभरे असत. आज जिमला जाणाऱ्याच्या पिशवीत पावडरचा डबा असतो. डब्यावर दोन नावे हमखास दिसतात: आर्जिनिन आणि सिट्रुलीन. रक्तप्रवाह वाढतो, स्नायू फुगतात, दम टिकतो, असे विकणारा सांगतो. या नावांचा इतिहास मला आज तुम्हाला सांगायचा आहे.

दोन्ही अमिनो आम्ले. पैकी आर्जिनिन हे प्रथिनांच्या भिंतीतली एक वीट. ते १८८६ साली शुल्झ आणि श्टायगर यांनी ल्युपिन या कडधान्याच्या कोवळ्या रोपांतून वेगळे केले. सिट्रुलीन सापडले टरबुजाच्या रसात, १९१४ साली जपानमध्ये. १९३० मध्ये मित्सुनोरी वादा यांनी त्याची ओळख पटवली. नावही टरबुजाच्या शास्त्रीय नावावरूनच पडले. योगायोग असा, की त्याच १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळ दाखवले, तेव्हा असल्या डब्यांचे नावही कुणाला ठाऊक नव्हते. पण पहिलवानांच्या हरभऱ्यात, बदामात आर्जिनिन होतेच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ते सुमारे ३ ग्रॅम असते.

आता रक्तप्रवाहाकडे वळू. देशातल्या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये ज्या डायनामाइटचे पेटंट घेतले, त्यातला जीव म्हणजे नायट्रोग्लिसरीन. हेच द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात छातीच्या कळेवर गुण देते, हे लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये दाखवले. पुढे खुद्द नोबेलला हृदयविकार जडला, तेव्हा डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिले. दैवाचा हा विनोद त्याने १८९६ मध्ये पत्रातून सहकाऱ्याला कळवला.

हे औषध रक्तवाहिन्या रुंद कशा करते, हे कळायला शंभर वर्षे लागली. रक्तवाहिनीचे आतले अस्तर तिला सैल होण्याचा निरोप देते, हे १९८० मध्ये रॉबर्ट फर्शगॉट यांनी दाखवले. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे १९८७ मध्ये ठरले. शरीर तो आर्जिनिनपासून बनवते, हे १९८८ मध्ये साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने सिद्ध केले. १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक याच वायूच्या शोधाला मिळाले: फर्शगॉट, इग्नारो आणि मुराद यांना.

बाजाराने सोपा हिशेब मांडला: आर्जिनिन खा, रक्तवाहिन्या उघडतील. पण खाल्लेल्या आर्जिनिनचा मोठा वाटा आतडी आणि यकृतच फस्त करतात. सिट्रुलीन त्यांच्या तावडीतून सुटते आणि मूत्रपिंडात त्याचे आर्जिनिन होते. म्हणून डब्यावर त्याचे नाव चढले. व्यायामावरच्या चाचण्यांत मात्र कुठे थोडा लाभ दिसला, कुठे काहीच नाही. उन्हाळ्यात रस्त्याकडेला मिळणाऱ्या टरबुजाच्या किलोभर गरात साधारण १ ते ३ ग्रॅम सिट्रुलीन असते. चाचण्यांत बहुधा ६ ते ८ ग्रॅम सिट्रुलीन मॅलेट देतात.

या इतिहासातले एक पान जपून वाचण्यासारखे आहे. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर आर्जिनिनची चाचणी झाली. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी ६ जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी थांबवली गेली आणि झटक्यानंतर आर्जिनिन देऊ नये, असे संशोधकांनी २००६ मध्ये लिहिले.

आज जिममध्ये पन्नाशीचे वडीलही जातात आणि डबा घरात सगळ्यांच्या हाताशी असतो. रक्तदाबाची किंवा छातीच्या कळेची गोळी चालू असेल, तर त्या डब्याचे झाकण उघडण्याआधी तो आपल्या डॉक्टरांना दाखवा. हरभरे, शेंगदाणे आणि टरबूज पहिलवानांनी पिढ्यान्‌पिढ्या पचवले आहेत. डब्याचे वय अजून फार लहान आहे.