वरळीच्या चाळी आणि गुन्ह्यांचे आकडे

एखाद्या वस्तीत गुन्हे किती होतात, हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. पण आकडा तयार होण्यापूर्वी नोंद व्हावी लागते, नोंद होण्यापूर्वी तक्रार ऐकली जावी लागते, आणि ती ऐकणारा माणूस याच समाजव्यवस्थेतून आलेला असतो. दलित वस्तीच्या 'गुन्हेगारी'विषयी पांढरपेशी मंडळी बोलू लागतात तेव्हा ही साखळी सोयीस्करपणे विसरली जाते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आजोबा रत्नागिरीकडून गिरणीत आले, वरळीच्या बी.डी.डी. चाळीतली एक खोली हाच आमच्या घराण्याचा शहरातला सारा इतिहास. घरातला पहिला पदवीधर मीच. म्हणून उदाहरण तेथलेच घेतो.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात निघालेल्या योजनेतून, मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात या चाळी बांधल्या. एकूण इमारती २०७. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत, बाकीच्या नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला. एका इमारतीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. वरळी तेव्हा आडबाजूला होती, भाडेही कामगाराला पेलत नव्हते. त्यामुळे पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे रिकाम्याच पडल्या. १९३०च्या कायदेभंगात सत्याग्रही ठेवायला जागा अपुरी पडली, तेव्हा सरकारने यांतल्याच काही इमारतींचा तात्पुरता तुरुंग केला. चाळीला आणि तुरुंगाला सरकारचा एकच आराखडा पुरला, यावर वेगळे भाष्य करण्याचे कारण नाही.

आमची माणसे येथे आली, कारण खाजगी मालकाच्या चाळीत जात विचारल्याखेरीज खोली मिळत नव्हती. सरकारी चाळीत निदान भाडेपावती मिळत होती. याच चाळींत पोलिसांनाही खोल्या दिल्या गेल्या. म्हणजे दलित कामगार, सवर्ण कामगार आणि पोलीस शिपाई एकाच आवारात नांदू लागले. तरी जात गेली नाही. ती इमारतीइमारतींत वाटली गेली. काही नंबर 'आपले', काही नंबर 'त्यांचे', हे पोराला शाळेत जाण्याआधीच ठाऊक होई.

५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानात दलित पँथरची सभा झाली. मध्य-दक्षिण मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्कार टाकण्याची पँथरची भूमिका होती. राजा ढाले, नामदेव ढसाळ ही मंडळी त्या सभेस होती. सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठी चालवली आणि दंगल चाळीत शिरली. रमेश देवरुखकर गोळीबारात गेले. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा परळमधून जात असता वरून टाकलेल्या दगडी पाट्याने भागवत जाधव मारले गेले. पुढे कित्येक आठवडे वरळी-नायगाव धुमसत राहिले. चाळीतच राहणारे पोलीस साध्या कपड्यांत हल्लेखोरांच्या बाजूने उतरतात, अशी दलितांची तक्रार होती. सरकारने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

माझी आत्या त्या वेळी चौदा वर्षांची. ती सांगते, रात्री दिवा लावायचा नाही, कोणत्या जिन्याने उतरायचे ते बायका ठरवायच्या, नळावर एकटीने जायचे नाही. सोडावॉटरच्या बाटल्या फुटल्याचा आवाज तिला अजून झोपेत येतो. शेजारचे एक गृहस्थ डोके फुटल्याची तक्रार द्यायला चौकीत गेले. त्यांनाच रात्रभर बसवून ठेवले. त्यानंतर त्या मजल्यावरून कोणी चौकीची पायरी चढला नाही.

आता हे सारे आकड्यांत कसे उतरते ते पाहू. देशातल्या गुन्ह्यांचा सरकारी वार्षिक ग्रंथ १९५३ सालापासून निघतो. त्याच्या मोजणीचा एक नियम असा, की एका प्रथम खबरी अहवालात अनेक गुन्हे असले तरी त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच धरायचा. म्हणजे एका रात्रीत वीस घरांवर दगड पडले आणि त्याची एकच फिर्याद झाली, तर मोजणीत गुन्हा एक. फिर्यादच झाली नाही, तर शून्य. शिवाय दर काढतात तो लाख लोकसंख्येमागे, साऱ्या शहराचा. त्यात वरळीच्या चाळी वेगळ्या दिसतच नाहीत. मग वस्तीला 'गुन्हेगारांची वस्ती' ही पदवी मिळते तरी कोठून?

माझे मत असे, की ती मिळते प्रतिबंधक कारवाईतून. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १०७ आणि ११० ही कलमे होती. वस्तीत त्यांना 'चॅप्टर केस' म्हणतात. २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यातही ही व्यवस्था राहिली आहे. येथे गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. शांततेचा भंग होईल अशी शंका पुरते. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१चा कायदा १९५२ साली रद्द झाला खरा. पण अमुक वस्तीतला पोरगा म्हणजे संशयित, ही मनोरचना त्या कायद्याबरोबर गेली नाही. १९८२चा गिरणी संप बुडाला आणि पोरे बेकार झाली. काही टोळ्यांत गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. नाक्यावरच्या सुरीला पहिल्यांदा आपलेच पोर बळी पडले. मात्र गिरण्या बंद पाडणाऱ्यांची, कामगारांची देणी थकवणाऱ्यांची वस्ती कोणी गुन्हेगारांची म्हटली नाही.

उलट बाजूही पाहावी. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसे मेली. तेथल्या रहिवाशाला 'तुमची वस्ती सुरक्षित आहे का?' असे विचारणाऱ्याने 'कोणापासून?' हेही सांगायला हवे.

वरळीच्या चाळी आता पाडल्या जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही घरे हक्काची आहेत आणि त्यांचा मला आनंद आहे. पण ज्या जिन्यांवर १९७४ घडले ते जिने ढिगाऱ्यात चालले आहेत, आणि ते पाहिलेली माणसे सत्तरीकडे झुकली आहेत. म्हणून गेल्या वर्षापासून माझे विद्यार्थी आणि मी त्यांचे बोलणे लिहून घेत आहोत: इमारतीचा नंबर, मजला, तारीख आठवत असल्यास तारीख, आणि तक्रार दिली होती का. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'नाही' असेच लिहावे लागते.