दोघेही चोर, तर माल कोणाचा?

जिल्हा कोर्टात उमेदवारी करत होतो तेव्हा माझ्या सीनियरांकडे एक शेतकरी आले. मुलाला शाळेत शिपाई म्हणून चिकटवायला त्यांनी जमिनीचा तुकडा विकून एका मध्यस्थाला पैसे दिले होते. नोकरी लागली नाही, पैसेही परत मिळेनात. सगळं ऐकून सीनियर म्हणाले, "काका, पैसे कशासाठी दिले हे कोर्टात सांगितलंत की दावा बुडाला."

"म्हणजे पैसे त्याच्याकडंच राहणार?"

सीनियर काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला एक लॅटिन वचन लिहून दिलं : इन पारी देलिक्तो पोतिओर एस्त कोन्दितिओ देफेन्देन्तिस. दोष दोघांचा सारखा असेल तर प्रतिवादीची बाजू वरचढ.

काकांच्या प्रकरणाचा जुना भाऊबंद रोमन कायद्यात सापडतो. सम्राट जस्टिनियनच्या काळात, 533 साली, जो 'डायजेस्ट' सिद्ध झाला त्यात पाउलुस या कायदेपंडिताचं मत आहे : खोटा निकाल मिळावा म्हणून न्यायाधीशाला पैसे चारले, तर देणारा आणि घेणारा दोघेही हीन, पैसे परत मागता येत नाहीत. हीनपणा फक्त घेणाऱ्याचा असेल तर मात्र मागता येतात. हा दुसरा भाग लोक विसरतात. खरा झगडा 'सारखा' या शब्दावरच असतो.

या तत्त्वाची सगळ्यात मासलेवाईक गोष्ट 1725 सालची, लंडनची. एव्हरेट आणि विल्यम्स हे दोघे वाटमारे. लुटीच्या वाटणीवरून बिनसलं आणि एव्हरेटने चक्क भागीदारीचा हिशेब मागणारा दावा लावला. अर्जात दरोड्याचा उल्लेख कुठेच नाही. हाउन्स्लो हीथसारख्या माळांवर आम्ही भागीदारीत 'व्यवहार' केला, सद्गृहस्थांकडून घड्याळं, अंगठ्या, तलवारी, घोडे, खोगिरं स्वस्तात मिळवली, अशी ती भाषा. लिहिणाऱ्या वकिलाला दाद द्यावीशी वाटते. कोर्टाने दिली नाही. दावा फेटाळला आणि दोन्ही सॉलिसिटरांना पन्नास-पन्नास पौंड दंड केला. पुढच्या काही वर्षांत वादी-प्रतिवादी दोघेही फासावर गेले.

तत्त्वाची मांडणी नीट झाली ती 1775 साली, लॉर्ड मॅन्सफिल्डकडून. डंकर्कच्या व्यापाऱ्याने चहा विकला. तो इंग्लंडमध्ये चोरून नेला जाणार हे त्याला ठाऊक होतं. घेणारा पैसे देईना. मॅन्सफिल्डने मान्य केलं की असा बचाव प्रतिवादीच्या तोंडी शोभत नाही. त्याला होणारा फायदा हा निव्वळ योगायोग. तरीही कोर्ट आपले हात मळवून घेणार नाही. गंमत अशी, की खटला जिंकला वादीच. विक्री डंकर्कला पुरी झाली, पुढच्या चोरीत त्याचा हात नव्हता, असं ठरलं.

आपल्याकडे न्या. गजेंद्रगडकरांपुढे असाच पेच आला. तो निकाल 1962च्या लॉ रिपोर्टांत आहे. धनकोंना बुडवण्यासाठी केलेलं खोटं खरेदीखत, आणि त्याच खताच्या जोरावर ताबा मागणारा वादी. लबाडीत दोन्ही पक्ष सामील. मग त्यांनी विचारलं, लोकहिताला कमी घातक काय? उत्तर आलं, कोर्टाने हात न लावणं. जमीन जिथे होती तिथेच राहिली. हा प्रश्न मला लॅटिन वचनापेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण त्यात उत्तर आधीच ठरलेलं नसतं.

इंग्लंडमध्ये 2016 साली ते उत्तर उलटं आलं. पटेल नावाच्या माणसाने आतल्या बातमीवर शेअरचा सट्टा खेळायला मिर्झाला 6,20,000 पौंड दिले. बातमी आलीच नाही, सट्टा झाला नाही, मिर्झा पैसे देईना. पैसे परत द्यावेत यावर नऊही न्यायमूर्तींचं एकमत झालं. का द्यावेत, यावर मात्र झालं नाही.

काकांनी दावा लावलाच नाही. दर बाजारच्या दिवशी ते मध्यस्थाच्या ओट्यावर जाऊन नुसते बसत. दोन वर्षांत निम्मे पैसे तसे सुटले, असं सीनियर नंतर म्हणाले.